आमच्या जीपमधलं विहिरीचं इंजिन

आमच्या भागात गाडी दिसली की माणूस आधी तिचा ऍव्हरेज विचारतो. रंग, वर्ष, किंमत हे सगळं नंतर. एका लग्नात सजवलेल्या मोटारीतून उतरून नवरदेव बोहल्यावर चढला, तर अक्षता टाकायला आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यानं त्याच्या कानाशी लागून "किती देती?" एवढंच विचारलेलं मी ऐकलं आहे. आमच्या घरी मात्र जीपच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला बंदी होती, कारण उत्तर कानावर पडलं की आई उठून आत जायची आणि मग भांड्यांचा आवाज यायचा.

ही जीप आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी सातवीत असताना नांदेडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून आणली. लष्करानं लिलावात काढलेली, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकं ओढणारी. आमचं घर जळकोट तालुक्यात, शेतातल्या वस्तीवर; तिला आमच्याकडं आखाडा म्हणतात. बाजूला दोन्ही काकांची घरं. डांबरी रस्त्याचा फाटा तिथून दोन-अडीच किलोमीटर आणि मधे सगळी काळ्या मातीची पांदण. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर रुततो, मोटारसायकलच्या मडगार्डमधे माती भरून चाक फिरायचं थांबतं, आणि पायी निघालेल्या माणसाची चप्पल मागं राहून माणूस एकटाच पुढं जातो. जीप तेवढी जायची. पाय आपटत, डुलत, पण जायची.

माझं शिक्षण या जीपमुळं झालं, हे मी कुठंही सांगायला लाजत नाही. अकरावी-बारावीच्या दोन्ही पावसाळ्यांत मी कॉलेज बुडवलं नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासायचा शेवटचा दिवस होता तेव्हा पांदणीत गुडघाभर पाणी होतं. आण्णांनी मला मांडीवर फाइल धरून बसवलं आणि फाट्यावर नेऊन एसटीत घातलं. आमच्या घराण्यात डिग्री घेणारा मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी आण्णांनी पहिला पेढा देवाला, दुसरा जीपच्या बॉनेटवर ठेवला. तो कावळ्यानं नेला. आई म्हणाली, तेवढाच एक खर्च राहिला होता हिचा.

सध्या मी नांदेडला एका खाजगी आयटीआयमधे मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. यंदा माझी धाकटी बहीण बारावीला आहे, जळकोटच्याच कॉलेजात. मृग लागायच्या आधी आईनं घरात जाहीर केलं की एक तर या गाडीनं आपलं पिणं कमी करावं, नाहीतर ती भंगारवाल्याला द्यावी आणि पोरीला मुरुडला आत्याकडं ठेवावं. तिथून लातूर जवळ, क्लासही होतील. आईचं चुकत नव्हतं. जीपला एका लिटरमधे फाट्यावर जाऊन परत येताना शेवटचा बांध ओलांडायचीसुद्धा खात्री नसायची.

बहिणीनं मला फोन केला. ती रडत नव्हती, पण रडणाऱ्या माणसापेक्षा हळू बोलत होती.

"दादा, आत्या चांगली हाय. पण तिथं दोन वहिन्या अन् त्यांची लेकरं हाईत. मी पुस्तक उघडायच्या आत कुणीतरी पोळपाट पुढं सरकवील. तू घरून शिकलास. मलाबी घरूनच शिकायचंय."

मी तिला शब्द दिला. त्याच संध्याकाळी आण्णांचाही फोन आला. ते म्हणाले, तू इंजिनाचंच शिकलास, आता तुझ्या शिकण्याचा उपयोग दाखव.

मी सुट्टीला घरी पोचलो तेव्हा आण्णांनी स्वतःच्या पद्धतीनं सुरुवात केलेली होती. वजन कमी केलं की गाडी कमी पिते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते खरंही आहे. त्यांनी मागची बाकडी काढली. मग टप काढला, दारं काढली, पुढची काच काढली, स्टेपनी गोठ्यात टेकवून ठेवली. नंतर धाकट्या काकांना गाडीत बसायला मनाई केली, कारण ते अंगानं भरलेले आहेत. स्वतः आण्णा रात्रीचं जेवण सोडून नुसतं ताक पिऊ लागले. या सगळ्याचा परिणाम एवढाच झाला की जीप आधीइतकंच पेट्रोल पिऊ लागली आणि आण्णा चक्कर येऊन एकदा स्टेअरिंगवर टेकले.

मी त्यांना समजावून सांगितलं की दोष वजनाचा नाही, इंजिनाचा आहे. एवढं मोठं पेट्रोल इंजिन पांदणीत कायम पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे पळतं, तिथं ते पिणारच. आपल्याला वेग नको, ओढ हवी. म्हणजे डिझेल इंजिन, कमी फेऱ्यांचं. आण्णांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. मग विचारलं, ते कुठं मिळतं?

पहिला विचार जुन्या काळीपिवळी जीपच्या डिझेल इंजिनाचा होता. ते बसायलाही सोपं. पण नांदेडच्या भंगार बाजारात फिरून जे बरं इंजिन सापडलं ते आमच्या आवाक्याबाहेर होतं, आणि जे आवाक्यात होतं त्याच्या आतून एक चिमणी उडाली. मग कुणीतरी सांगितलं की अर्धापूरला एका केळीवाल्यानं अशाच जीपमधे ट्रॅक्टरचं इंजिन घातलंय आणि तो ऍव्हरेजवर फार खूश आहे. आम्ही बापलेक अर्धापूरला गेलो. केळीच्या बागेच्या कडेला ती जीप नाक जमिनीला लावून उभी होती. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं वजन न पेलल्यामुळं पुढचे स्प्रिंगचे पाटे बसले होते आणि चासीला तडा गेला होता. आण्णांनी ऍव्हरेज विचारला. केळीवाला मोकळेपणानं म्हणाला की लई चांगला हाय; बसवल्यापासून उभीच असते, त्यामुळं डिझेल लागलंच न्हाई. त्यानं आम्हाला घरी नेऊन केळी खाऊ घातली आणि एक फणी बरोबर दिली. येताना बसमधे वसमत फाटा गेल्यावर आण्णा म्हणाले, आपल्या विहिरीवर एक इंजिन हाय की.

हे इंजिन माझ्या आजोबांनी घेतलेलं. पाणी उपसायचं, एका सिलिंडरचं, आठ हॉर्सपॉवरचं, अंगाला मोठं लोखंडी चाक. आजोबा गेल्यावर तिघा भावांच्या वाटण्या झाल्या, जमिनीचे तीन तुकडे झाले, पण विहीर आणि इंजिन सामाईक राहिलं. एक दिवस थोरल्या काकांचा, एक धाकट्या काकांचा, एक आण्णांचा. याला आमच्याकडं बारी म्हणतात. बारीचा कायदा हँडलवर चालायचा. इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल ज्याच्या घरी, त्याची बारी. दिवस मावळला की त्यानं ते पुढच्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचं. हातात द्यायचं नाही, दिलं तर भांडण लागतं अशी समजूत. पुढं विजेची मोटार आली, इंजिन पत्र्याखाली पडून राहिलं, पण हँडल मात्र उंबऱ्यांवरून फिरतच राहिलं. काही उपयोग नसताना तिघं भाऊ इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते इकडून तिकडं नेऊन ठेवत होते. मी लहानपणी समजायचो की हा देवाचा काहीतरी प्रकार आहे.

आण्णांनी दोघा भावांना विचारलं. धाकटे काका म्हणाले, न्या, गंजूनच राहिलंय. थोरले काका म्हणाले, न्या, पण हिश्श्याचं ध्यानात असू द्या. आण्णा हाव, म्हणजे हो, म्हणाले. आम्हाला वाटलं, बोलायची रीत असते तसं बोलले.

मी पंधरा दिवस खपलो. फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं चासीवर बैठक करून दिली. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा घेऊन तो गिअरबॉक्सच्या पुलीवर आणला, पट्टा ताणायला आणि सैल करायला एक दांडा दिला, तोच आमचा क्लच. इंजिन थंड ठेवायला ड्रायव्हरच्या मागं पाण्याचं टीप, म्हणजे पिंप, उभं केलं. आठ हॉर्सपॉवरमधे ही गाडी पांदणीत कशी ओढेल याचा हिशेब मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा उत्तर सायकलीच्या वेगाजवळ आलं. आण्णांना मी दोन अटी घातल्या. ही गाडी डांबरी रस्त्यावर चढवायची नाही, ते कायद्यात बसत नाही. आणि ब्रेक रोज बघायचे. त्यांनी दोन्ही मान्य केल्या.

पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा आण्णांनी नारळ फोडला. इंजिननं काळ्या धुराची एक गोल कडी सोडली आणि ठक, ठक, ठक सुरू झालं. तो आवाज शिवारात कितीतरी वर्षांनी घुमला. कडेच्या तुकड्यात थोरले काका काम करत होते. त्यांना वाटलं, विहिरीवर कुणीतरी इंजिन चालू केलं. सवयीनं त्यांनी खोरं उचललं, दंडाचं, म्हणजे पाण्याच्या पाटाचं, तोंड फोडलं, आणि पाण्याची वाट बघत उभे राहिले. पुढचं त्यांनीच आम्हाला सांगितलं, जरा दुखावलेल्या आवाजात.

"पाणी काही येईना. आवाज मात्र लांब लांब जाऊन राहिला. मला वाटलं, विहीरच उठून चालली."

ऍव्हरेज आम्ही न्यायानं मोजला. टाकी सोडवून एका लिटरची बाटली टांगली आणि आण्णा पांदणीत येरझाऱ्या घालू लागले. दुपारी जेवायला बोलावलं तरी बाटली संपेना. शेवटी आईनं भाकरी फडक्यात बांधून चालत्या गाडीत दिली. गाडीचा वेग असा होता की तिनं आधी भाकरी दिली, मग आठवण होऊन घरात जाऊन ठेचा आणला आणि तोही दिला. एका लिटरला वीसच्या पुढं गेली. आण्णा खाली उतरले आणि बाटली घरोघर दाखवून आले.

पावसाळा लागला आणि बहीण रोज फाट्यावर जाऊ लागली. घरून अर्धा तास आधी निघावं लागायचं, पण चिखल लागत नव्हता. ठकठक इतकी लांब ऐकू जायची की एसटीचा ड्रायव्हर फाट्यावर गाडी उभी करून तंबाखू मळत बसायचा. शिवाय एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. इंजिनाच्या टिपातलं पाणी फाट्यावरून परत येईस्तोवर चांगलं कढत व्हायचं. आई ते आंघोळीला काढून घेऊ लागली. मग दोघी काकू बादल्या घेऊन येऊ लागल्या. जळण वाचलं, चुलीपुढचं फुंकणं वाचलं. ज्या गाडीला भंगारात काढायचं म्हणत होती तिला आई स्वतः रोज भरून ठेवू लागली आणि आण्णांना विचारू लागली, आज कामून उशीर केला, पाणी निवलं की. मला वाटलं, जिंकलो. बहिणीनं मुरुडला जायला भरलेल्या पिशवीतली पुस्तकं काढून परत फळीवर लावली.

मग पावसानं उघडीप दिली. सोयाबीन फुलावर आलेलं, जमिनीला भेगा, आणि नेमका त्याच वेळी शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा यायला किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येईना. विजेची मोटार बंद म्हणजे पाणी फक्त इंजिनवर, आणि इंजिन आमच्या जीपमधे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण दप्तर घेऊन गाडीत बसलेली, आण्णा हँडल शोधतायत, तर थोरले काका हँडल घेऊन जीपसमोर उभे. आदल्या संध्याकाळी आण्णांनी ते सवयीनं त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं होतं. काका म्हणाले, आज माझी बारी हाय, इंजिन विहिरीवर लागंल. आण्णा म्हणाले, पोरीला फाट्यावर सोडून येतो. काका म्हणाले, तेवढ्यात ऊन चढतं. आण्णा म्हणाले, इंजिन सामाईक असंल, गाडी तर माझी हाय. त्यावर थोरले काका जे बोलले ते अजून आमच्या गावात सांगतात.

"इंजिन तुझ्या गाडीत न्हाई. तुझी गाडी आमच्या इंजिनाभोवती हाय."

मी हे नंतर नांदेडला फोनवर ऐकलं. इंजिन खोलून काढायला दोन दिवस, बसवायला दोन दिवस. म्हणून असं ठरलं की काढायचं नाही. जीपच विहिरीवर नेऊन उभी करायची, पट्टा गिअरबॉक्सवरून काढून पंपाला लावायचा. मीच तो पट्टा सोयीचा केला होता. विहीर फाट्याच्या वाटेवर, फाट्याच्या अलीकडं; पण काकांना गाडी तिथून पुढं नेलेली चालेना. माझ्या बारीचं डिझेल, माझ्या बारीचं इंजिन, ते विहिरीपलीकडं कामून जाईल, असं त्यांचं म्हणणं. आणि विहिरीपलीकडंच पांदणीचा सगळ्यात वाईट तुकडा; तिथून ओढा जातो, तो वरून कोरडा दिसतो आणि आत माणूस कमरेपर्यंत जातो.

पुढचा दिवस धाकट्या काकांचा. त्यांचं रान ओढ्याकाठी, त्यांना पाण्याची गरजच नव्हती. आम्हाला वाटलं, ते आपली बारी सोडतील. पण बारी एकदा सोडली की ती गेली, असं आजोबा म्हणायचे म्हणे. वजनामुळं ज्यांना जीपमधे बसायला मनाई होती ते धाकटे काका आपल्या दिवशी धुतलेली कापडं घालून आले, काकूंना शेजारी बसवलं, आणि दिवसभर आखाड्याभोवती जीप फिरवली. कुठं जायचं नव्हतं. काकू डोक्यावरचा पदर धरून ताठ बसलेल्या. बहिणीनं विचारलं, काका, फाट्यावर सोडता का, तर म्हणाले, सोडलं असतं बाई, पण थोरल्यानं पायंडा पाडलाय, आता मी मोडला तर मी वाईट.

अशा रीतीनं तीन दिवसांत एक दिवस कॉलेज. आईचा निश्चय पुन्हा वर आला. ती म्हणाली, एक दिवस गाडी अन् दोन दिवस घरी बसून बारावी होत न्हाई, त्यापेक्षा मुरुड बरं. तिनं आत्याला फोन लावला, पोरीला पाठवते म्हणून सांगितलं. आत्या ही तिघा भावांची मोठी बहीण, साठी ओलांडलेली. तिनं कारण विचारलं. आईनं फोन बहिणीच्या हातात दिला आणि बहिणीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, चिमणीसकट. शेवटी आत्यानं एवढंच विचारलं, कोणतं इंजिन? बापाचं? बहीण हाव म्हणाली. आत्यानं फोन ठेवला.

त्या शनिवारी मी घरी आलो होतो. रविवारी दुपारी फाट्यावरून कुणीतरी फोन केला की तुमच्या आत्या उतरल्यात. मुरुडहून लातूर, लातूरहून दुसरी बस, एकटी. आम्हा सगळ्यांना वाटलं, पोरीला घ्यायला आली. बहिणीनं न सांगता पुस्तकं परत पिशवीत भरली. तिच्याकडं बघवेना म्हणून मी आण्णांबरोबर फाट्यावर गेलो. त्या दिवशी आण्णांची बारी होती.

आत्या जीपमधे लगेच बसली नाही. तिनं पिशवी माझ्याकडं दिली आणि इंजिनाभोवती एक फेरी मारली. लोखंडी चाकावर हात ठेवला. भाऊ लहान होते तेव्हा ह्याला मीच हँडल मारायची, असं मला म्हणाली. मग ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

घरी दोघं काका येऊन बसलेले. चहा झाला. आत्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं की बारी कुणाकुणाची असते. थोरल्या काकांनी सांगितलं, तिघांची.

"बापाला लेकरं किती?"

थोरले काका म्हणाले, "आक्का, तू तर हक्कसोड दिलेलं हाय."

"जमिनीचं दिलं. तुम्ही तालुक्याला नेलं, सही कर म्हणालात, केली. साडी नेसवली, नेसले. इंजिनाचं कुणी लिहून घेतलं?"

थोरल्या काकांनी धाकट्या काकांकडं बघितलं. धाकट्या काकांनी जीपकडं बघितलं. मी माझ्या शिक्षणाला स्मरून मनात पडताळलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. थोरल्या काकांनी शेवटी कबूल केलं की बरं, चौथी बारी आक्काची. यानं मिटेल असं त्यांना वाटलं असावं, कारण ते उठायला लागले.

"बस. बाप गेल्यापासून माझी एकबी बारी झाली न्हाई. सोडली असं मी कधी म्हणाले न्हाई. मला कुणी विचारलंच न्हाई. त्या सगळ्या बाऱ्या साचल्यात. आता एकापाठोपाठ एक मी घेणार."

आजोबांना जाऊन किती वर्षं झाली, त्याचे चौथे हिस्से किती, हे मी मनातल्या मनात करू लागलो आणि मधेच सोडून दिलं, कारण बहीण बारावीच काय, डिग्री घेऊन नोकरीला लागली असती तरी आत्याच्या बाऱ्या संपल्या नसत्या. धाकटे काका हळूच म्हणाले, आक्का, सोयाबीन वाळून राहिलंय थोरल्याचं. त्यांना स्वतःला पाणी नको होतं तरी ते बोलले, याचं मला बरं वाटलं.

आत्या म्हणाली, सोयाबीनशी माझं भांडण न्हाई. तिनं न्याय सांगितला तो असा. सगळ्या बाऱ्या तिच्या. त्यातली सकाळची, घरापासून फाट्यापर्यंतची आणि विहिरीपर्यंत परतीची, तिनं भाचीला दिली. तिथून संध्याकाळपर्यंत इंजिन भावांना उसनं. त्यांनी विहिरीवर आपापसात काय करायचं ते करावं. पोरीच्या एसटीच्या वेळेला ज्याच्याकडं गाडी असंल त्यानं तिला फाट्यावरून आणायचं. आणि पोरीचं शिक्षण होईस्तोवर हँडल पोरीच्या उंबऱ्यावर. आई म्हणाली, पण आक्का, तुमच्याकडं पाठवायचं ठरलं होतं. आत्या म्हणाली, माझ्याकडं आली तर माझ्या सुना हिला पोळ्या लाटायला बसवतील; मला माझं घर ठाऊक हाय.

थोरल्या काकांनी कोपऱ्यातलं हँडल उचललं, आमच्या उंबऱ्याशी आले आणि वाकून खाली ठेवलं. बहिणीनं ते उचललं. ते तिच्या हाताला जड झालं, पण तिनं धरून ठेवलं.

सोमवारी सकाळी मला नांदेडला आणि आत्याला मुरुडला परतायचं होतं. जीपमधे आत्या पुढं, मी आणि बहीण टिपाशेजारी, आणि चालवायला थोरले काका, कारण विहिरीवर त्यांनाच घाई होती. ओढ्याच्या चिखलात चारही चाकं फिरली, ठकठक जरा खोल गेली आणि वर आली. फाट्यावर ड्रायव्हर तंबाखू झटकून उठला. कंडक्टरनं आत्याला विचारलंच, किती देती. आत्यानं वीस सांगितलं. काका म्हणाले, बावीस.

त्या रात्री नांदेडला मला आण्णांचा फोन आला. थोरल्या काकांनी विहिरीवर जाऊन पट्टा बदलायला इंजिन बंद केलं होतं. परत सुरू करायला गेले तर हँडल नाही. बहीण ते दप्तरात घालून जळकोटला गेली होती. आत्यानं सांगितलं होतं की हँडल कुणाच्या हातात द्यायचं नाही, म्हणून तिनं फिजिक्स आणि बायोलॉजीच्या मधे ठेवलं. काकांनी एक-दोनदा दोरी गुंडाळून ओढून बघितली, मग सोडून दिलं आणि दिवसभर गाडीजवळ बसून राहिले. गाडी सोडून जाणार कशी, डिझेल चोरीला जातं.

संध्याकाळची एसटी फाट्यावर आली तेव्हा काका पायी ओढा ओलांडून तिथं पोचले होते. कमरेपर्यंत माती, एक चप्पल हातात, दुसरी ओढ्यात. बहीण घाबरून तिथंच उभी राहिली. ते रागावले नाहीत. तिच्या पाठीवरचं दप्तर काढून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि हँडलच्या वजनानं एका बाजूला झुकत पुढं निघाले. ओढ्याच्या काठाशी थांबून, मागं न बघता म्हणाले, "बाई, रोज एवढं लोखंड कामून वागवतीस? उद्यापासून सकाळी हातात देत जा माझ्या."

बहीण म्हणाली, "आत्याला विचारते."